जाऊबाईंची सरळ लिंबं

आमच्या थोरल्या जाऊबाई, नीलांबरीताई, श्रीगोंद्याच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. तालुक्याच्या निम्म्या पोरींना खो-खो शिकवून झाल्यावर, पन्नाशीच्या तोंडावर त्यांना गोल्फ लागला. भूत लागतं तसाच लागला. नगरला शिक्षकांचं शिबिर होतं, तिथे कुणीतरी त्यांच्या हातात स्टिक दिली, पहिलाच चेंडू लांब गेला आणि बाई घरी आल्या त्या वेगळ्याच होऊन. आठवड्याभरात पुण्याच्या जुन्या बाजारातून एक लोखंडी स्टिक आली. "पुढच्या हिवाळ्यात नगरला स्पर्धा आहे, मी खेळणार," असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. खेळू का, असं विचारायची त्यांना सवयच नाही.

चेंडू मोजकेच होते, ते बागेत हरवले. पण बाग लिंबाची. झाडाखाली पिवळी लिंबं पडलेलीच असतात, आणि ती साधारण चेंडूएवढीच. ठिबकच्या नळीच्या रेषेत उभं राहायचं, मैदान आखायची पांढरी फक्की मातीवर टाकायची, म्हणजे स्टिक कुठे घासली ते दिसतं, आणि त्या फक्कीवर लिंबू ठेवून हाणायचं. नेम समोरच्या बाभळीवर. लिंबू मात्र जायचं उजवीकडे, पार कुंपणापलीकडे.

ताईंनी आधी स्टिकला दोष दिला, मग वाऱ्याला, मग लिंबाला. शेवटी मी काढलेला मोबाईलवरचा व्हिडिओ बघून त्यांना कळलं, की फटका मारताना आपलंच कोपर अंगापासून सुटतंय. काखेत कळसा नि गावाला वळसा! मग काखेत पंचा दाबून सराव सुरू झाला. पंचा गळला की फटका बाद. आधी पावलं जुळवून अर्धा फटका, मग पाय फाकवून पुरा. रोज सकाळी हेच, आणि पंचा उचलून द्यायला मी. माझा चहा गार झाला तरी बाईंना त्याचं काही नाही. पण खरं ते सांगते, लिंबं हळूहळू सरळ जायला लागली. बाभळीच्या बुंध्यावर लिंबू फुटलं की ताई नुसती मान हलवायच्या. बाभळीचा गृहपाठ बरोबर आल्यासारखी.

तोवर नको ते होऊन बसलं होतं. कुंपणापलीकडे आमच्या चुलत सासू राहतात, मनकर्णा आत्याबाई. त्यांना सकाळी दारात लिंबं सापडत होती. स्टिकच्या धारेनं चीर पडलेली, वर पांढरी भुकटी. त्यातच त्यांच्या गायीनं दूध कमी केलं. दारात चिरलेलं, भस्म लावलेलं लिंबू म्हटल्यावर आमच्या वस्तीत आणखी काही सांगावं लागत नाही. कुणीतरी करणी केली, हे ठरलं. कोणी, हेही ठरलं. ताईंवर संशय कसा येणार, त्या पडल्या शाळेतल्या बाई. पण बांधाच्या पाण्यावरून माझं आणि आत्याबाईंचं वाजलेलं, आणि माझी जीभ तिखट. झालं!

हळदीकुंकवाला मला सोडून सगळ्यांना बोलावणं गेलं. ते मी हसण्यावारी नेलं. पण माझी लेक त्यांच्या अंगणात खेळायला गेली आणि तिला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा मात्र मी रडले.

ताईंना हे कळल्यावर त्या आधी हसल्या आणि मग चिडल्या. "एवढंच ना? रविवारी सगळ्यांना बागेत बोलाव. मी मारून दाखवते. लिंबू कसं जातं ते बघतील, विषय संपला."

रविवारी निम्मी वस्ती जमली. आत्याबाई आणि त्यांचा मुलगा वैजनाथ पुढेच. ताईंनी फक्की टाकली, लिंबू ठेवलं, मारलं. थेट बाभळीवर. दुसरं मारलं, तेही बाभळीवर.

"वैनी, ह्ये तर बाभळीला लागतंय," वैजनाथ म्हणाला. "आमच्या दारात कुठं येतंय?"

ताईंनी काखेतला पंचा फेकला. कोपर मुद्दाम सोडून मारलं. अंगात मुरलेला सराव तो, लिंबू पुन्हा बाभळीकडेच.

"लिंबू काय आपल्या पायानं येतंय व्हय?" आत्याबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "ज्यानं आनून ठिवलं, त्यालाच ठावं."

मी ताईंकडे बघितलं. बाईंचा चेहरा आनंदानं नुसता फुललेला! माझं डोकं फिरलं.

"ताई, हितं माझी अब्रू चाललीया आन् तुमी हसताय?"

"अगं, मी तरी काय करू? सरळच जातंय ते!"

मी त्यांच्या हातातून स्टिक हिसकावली. पहिल्या फटक्याला नुसती फक्की उडाली आणि मंडळी हसली. दुसऱ्याला मी बांधाचं पाणी, हळदीकुंकू, लेकीचा रडवेला चेहरा, सगळं आठवलं आणि हाणलं. लिंबू उजवीकडे उडालं, कुंपण ओलांडून आत्याबाईंच्या पत्र्यावर धाडकन आदळलं आणि घरंगळत त्यांच्या दारात पडलं.

आत्याबाई उठल्या, पलीकडे गेल्या आणि इतके दिवस दारातली लिंबं काठीनं ढकलायच्या, हे मात्र त्यांनी हातात घेतलं. चीर बघितली, भुकटी अंगठ्यानं चोळली.

"ह्ये तर साळंतली फक्की हाय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आन् माझी गाय?"

"तिला डॉक्टरला दाखवा," ताई म्हणाल्या.

आत्याबाईंनी मान डोलावली. "सांच्याला ये गं, पूजा," त्या कुंपणावरून मला म्हणाल्या. "पोरीला घिऊन ये."

माझे डोळे भरून आले. आता ताई पाठीवरून हात फिरवतील, असं मला वाटलं. त्या जवळ आल्या, खाली पडलेला पंचा उचलून झटकला आणि माझ्या काखेत दाबला.

"कोपर सुटतंय तुझं," त्या म्हणाल्या. "असा फटका नगरला चालायचा नाही. उद्यापासून माझ्याबरोबर उभी राहा."