पेटीची कडी

शनिशिंगणापुरात मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, आणि बिऱ्हाडात एकटाच. तिथल्या घरांना दारं नसतात हे नगरला असताना ऐकलं होतं, तरी पहिला महिना मी ट्रंक उशाशी घेऊन झोपलो. काही गेलं नाही, उलट येऊ लागलं. शाळेतून परतलो की स्टोव्हजवळ फडक्यात गुंडाळलेली भाकरी असायची. शेजारच्या मावशी ठेवून जात. मी फडकं धुऊन त्यांच्या कुंपणावर वाळत घालायचो. आमचं बोलणं एवढंच.

संध्याकाळी बोलायला कुणी नाही, म्हणून मला हवामानाचा नाद लागला. अंगणात पर्जन्यमापक पुरला, चार पायांवर फटींची लाकडी पेटी उभी केली आणि तीत दोन तापमापक टांगले. सकाळी साडेआठला आकडे वहीत उतरायचे. ते कुणी मागितले नव्हते. वर्ष बहात्तर, त्यामुळे पावसाच्या रकान्यात रोज 'निरंक' लिहून माझं अक्षर मात्र सुधारलं.

पेटीची एक बाजू उघडी होती. तिच्यातून ऊन शिरे, कोंबड्याही शिरत. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, उत्तरेकडे दार हवं. गावातल्या सुताराला सांगितलं तर तो म्हणाला, "गुरुजी, दुसरं काय बी सांगा. दाराचं काम ह्या गावात मी करायचो न्हाई."

मला हसू आलं. हातभर पेटीचं ते काय दार! हट्टानं नगरला जाऊन करवून घेतलं आणि एस.टी.च्या टपावर टाकून आणलं. वाऱ्यानं आपटायला लागलं म्हणून कडीही लावली. आकडे सुधारले आणि मी स्वतःवर खूश झालो.

त्याच आठवड्यात भाकरी बंद झाली.

दुष्काळ आहे, पीठ कुठून येणार, अशी मी स्वतःची समजूत काढली. पण शाळेतून येताना पावलं आपोआप भरभर पडायची, आणि स्टोव्हजवळ काही नसलं की घर खायला उठायचं. खिचडी शिजवून पोट भरे. मावशी अंगणात दिसल्या तर मान वळवायच्या. एकदा विचारावं, तर धीर होईना. भाकरीची वाट पाहतो हे कबूल करायचीच मला लाज वाटत होती. असे दोन महिने गेले.

मग सुतार शाळेत बाक दुरुस्त करायला आला. काम करता करता म्हणाला, "मावशी काय म्हनत्यात ठावं हाय का? मास्तरनं कडी लावली. आमचा भरवसा न्हाई, तर आमी कशाला त्याच्या घरात पाय टाकावा?"

कडी वाऱ्यासाठी होती हो! पण हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरी येऊन आधी दार उखडलं, मग शेजारी गेलो. बाहेरूनच हाक मारली, "मावशी, आहात का?" समोरच्या ओट्यावरची बाई म्हणाली, "त्या गेल्या की लेकीकडं, देवळालीला. हितं पानी कुठं हाय? कवा येत्याल, काय ठावं न्हाई."

मी आत गेलो. वर्षभर त्या माझ्या स्टोव्हपर्यंत येत होत्या, आणि मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. चूल सारवलेली, तवा पालथा. खुंटीवर ते भाकरीचं फडकं होतं. घेऊन जावं असं फार वाटलं. पण विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तिथेच राहू दिलं.

दार मी पुन्हा बसवलं नाही. कोंबड्या पेटीत बसू लागल्या. साडेआठचे आकडे चुकीचे यायचे, ते मी तसेच लिहायचो. आणि शाळेतून परतताना पावलं तरीही भरभर पडायची.