वाचलं ते केलं का?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकाम्या पिशव्या साचतात तसे ते आपोआप साचतात, आणि एक काढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या पुलगावच्या बुधवारच्या मीटिंगचं तसंच झालंय.

नव्वदीच्या दशकात दर बुधवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं कोणा एकाच्या घरी जमायचो. गीत, प्रार्थना, मग गोल बसून शास्त्रातला एकेक भाग वाचायचा आणि शेवटी चहा. यात नवल काहीच नाही. पण आमच्यात वसंतकाका होते, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. त्यांनी नियमच करून टाकला. ज्याच्या वाट्याला जे वचन येईल, ते त्यानं पुढच्या बुधवारपर्यंत करून दाखवायचं! मीटिंग सुरू झाली की काका एकेकाकडे वळून विचारायचे, "वाचलं ते केलं का?" चांगली पन्नाशीची माणसं खाली मान घालायची.

त्या वर्षी आम्ही बायबलमधलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन घेतलं होतं. म्हणजे वाचायला सोपं आणि करायला सगळ्यात अवघड.

* * *

पहिली पंचाईत मार्थाबाईंची झाली. बाई नर्स होत्या, स्वभावानं कडक. त्यांचा धाकटा भाऊ योहान नाचणगावला सायकली दुरुस्त करायचा. पुलगाव आणि नाचणगाव हाकेच्या अंतरावर, पण बहीण-भावात बोलणं नव्हतं. आपल्या मुलीच्या लग्नात बाईंनी त्याला मांडवाच्या दारातूनच परत पाठवलं होतं. तो प्यायचा, पाहुण्यांत तमाशा नको, म्हणून. त्या दिवशी मात्र तो प्यायलेला नव्हता. हे नंतर सगळ्यांना कळलं, बाईंनाही कळलं. पण विषय निघाला की त्या एकच म्हणायच्या, "मी त्याले केव्हाच माफ केलं." मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

आता प्रवचनात एक जागा अशी आहे की, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा आणि आधी त्याच्याशी समेट करून या. बसण्याच्या क्रमानं हा भाग मार्थाबाईंवर येणार, हे सगळ्यांनी आधीच ताडलं होतं. बाईंनीही ताडलं असावं, कारण त्या बुधवारी त्यांनी ड्यूटी बदलून घेतली! दुसरं कोणी वाचायला लागलं तर काकांनी थांबवलं. "ज्याचा भाग त्यानंच वाचायचा. पुढं चाला." ते वचन बाईंच्या नावावर तसंच राहिलं.

* * *

पुढचा भाग प्रभाकर टेलरवर आला. तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही, एवढंच असावं. टेलरच्या धंद्यात हे म्हणजे दुकानाला कुलूपच! प्रभाकरचं सगळं दुकान 'परवा या' या दोन शब्दांवर चालायचं.

पण गडी इमानदार. आठवडाभर तो येईल त्या बाईला खरं सांगत सुटला. तुमचा ब्लाऊज अजून कापलासुद्धा नाही, पंधरा दिवस तरी लागतील. गिऱ्हाईक बावचळून गेलं. दोघीतिघींनी त्याच्या बायकोला घरी जाऊन विचारलं, भाऊंची तब्येत बरी आहे ना? शेवटी एक जुनं गिऱ्हाईक त्याला समजुतीनं म्हणालं, "भाऊ, तुम्ही आपलं परवाच म्हणत जा. आम्ही बरोबर पंधरा दिवसांनी येतो."

* * *

काकांनाही सूट नव्हती. कोणी एक मैल चालायला लावलं तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, हे त्यांच्या वाट्याला आलं. दुसऱ्याच दिवशी एका अनोळखी माणसानं त्यांना स्कूटरवर स्टेशनपर्यंत लिफ्ट मागितली. काकांना वाटलं, देवानंच धाडला.

स्टेशन आलं, स्कूटर थांबेना. माणूस म्हणाला, साहेब, माझं स्टेशन गेलं. काका म्हणाले, "बसा निवांत, अजून तेवढंच जायचं आहे." गाव संपलं, कपाशीची शेतं लागली आणि तो माणूस मागं बसून रामनाम जपायला लागला. बरोबर दुप्पट अंतर झाल्यावर काकांनी त्याला उतरवलं, नमस्कार केला आणि स्कूटर वळवून एकटेच घरी आले!

बुधवारी आम्ही विचारलं, काका, निदान परत तरी आणून सोडायचं होतं. काका शांतपणे म्हणाले, "वापसीचं त्यात काई लिहिलं नाई."

* * *

माझ्या वाट्याला आलं, उद्याची काळजी करू नका. मला तर हे भलतंच आवडलं. मे महिना, नळ एक दिवसाआड. नळ आला त्या सकाळी मी पेपर घेऊन पडून राहिलो. बायकोनं ड्रम भरायची आठवण केली, तेव्हा मी तिला आकाशातल्या पाखरांबद्दल सांगितलं. ती पेरत नाहीत, साठवत नाहीत, तरी देव त्यांना पुरवतो.

तिनं बकेट माझ्या पायाशी आणून ठेवली. "पाखरं साठवत नाईत, पण पाण्यापाशी उडून तं जातात. उठा."

* * *

आणि मग हंगामाचा सण आला. त्या दिवशी आमच्याकडे जो तो घरचं, शेतातलं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवतो. तुरीच्या शेंगा, कोहळं, कापूस, अंडी. नंतर देवळातच (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) त्याचा लिलाव होतो, मग पास्टर हात वर करून आशीर्वाद देतात आणि सगळे जेवायला बसतात. आमचे पास्टर नवीन होते, वेळेचे पक्के. शास्त्र वाचणारे गृहस्थ आजारी पडले म्हणून त्यांनी आयत्या वेळी मार्थाबाईंना उभं केलं. बाईंचा आवाज खणखणीत. बाईंनी खूण घातलेलं पान उघडलं. तोच भाग होता. पास्टरांना कोणी काही सांगितलं होतं का, हे आम्हाला आजवर कळलं नाही.

बाईंनी वाचलं. 'भावाच्या मनात तुझ्याबद्दल' इथं आल्यावर थांबल्या, ते शब्द हळू आवाजात पुन्हा वाचले आणि जागेवर जाऊन बसल्या. अर्पणाच्या रांगेत त्यांच्या हातात कोंबडी होती. पाय बांधलेली कोंबडी त्यांनी वेदीपुढं ठेवली आणि हात न जोडताच बाजूच्या दारानं बाहेर पडल्या.

लिलावात सगळं गेलं, कोंबडी राहिली. कोणी म्हणालं, हिचीही बोली लावा. पास्टर म्हणाले, "ती दिलेली नाही. नुसती ठेवलेली आहे." मग त्यांनी आम्हाला गीतं म्हणायला लावली, एकामागून एक. पोरं भुकेनं रडायला लागली, मागं भात थंड होत होता. वसंतकाका सारखे दाराकडं बघत होते. शेवटी पास्टरांचाही धीर सुटला. ते उभे राहिले, आशीर्वादासाठी हात वर केले, आम्ही माना खाली घातल्या.

तेवढ्यात दारात चप्पल वाजली. मार्थाबाई घामाघूम होऊन आत आल्या. त्यांच्या मागं योहान होता, हाताला ग्रीस तसंच. पण तो उंबऱ्याबाहेरच थांबला, आत येईना. बाई चार पावलं पुढं आल्या होत्या, त्या मागं फिरल्या. त्याचा तो काळा हात त्यांनी हातात धरला आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांबा पास्टरसाहेब. पोरीचा मामा येऊन राह्यला."

पास्टरांनी हात खाली घेतले.