देव पाण्यात आणि कॅसेट संपली

बिराप्पा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, हरणाबाईचा नवरा. कवठे महांकाळजवळ वाडी, चाळीस मेंढरं, आणि गळा असा की मेंढरंसुद्धा चरायची थांबत. बिरोबाची ओवी त्याला बापाकडून आलेली. बापाची अट एकच : सुंबरान मांडलं, म्हणजे ओवीत देवाला बोलावलं, की त्याला घरी पोचवल्याशिवाय उठायचं नाही. एकदा गाताना कडब्याची गंज पेटली, तर या गड्यानं आधी देव पोचवला, मग बादली उचलली.

चौऱ्याण्णव साली सांगलीहून दिग्विजय नावाचा कॅसेटवाला जीप घेऊन आला. त्यानं बिराप्पाच्या तोंडापुढं माईक धरला. बिराप्पा अडीच तास गायला. दिग्विजय मान डोलवत होता. आम्ही म्हटलं, काय जाण आहे पोराला! मशीन अर्ध्या तासातच बंद केलंय, हे आम्हाला काय ठाऊक.

महिन्यानं कॅसेट आली. वर बिराप्पाचा फोटो, त्याच्यावर काळा गॉगल रंगवलेला. आम्ही भाकरी खात ऐकायला बसलो. बिरोबा मेंढरं घेऊन अग्रणी नदीत उतरला, पाणी छातीला लागलं, आणि टक्! उलटी बाजू लावली तर सोनिया म्हणून कुणी बाई ढोलकीवर ठसक्यात गात होती.

बिराप्पाचा घास हातातच राहिला. "आक्का, देव पाण्यात हाय गं."

मी म्हटलं, "आवं दाजी, अग्रणीला गुडघाभर पाणी बघून मला धा वर्सं झाली. बुडतोय कशाला?"

"ओवीत हाय न्हवं पाणी!"

तेव्हापासून जिथं कॅसेट वाजेल तिथं बिराप्पा सायकलीवर हजर. चहाच्या गाड्यावर टक् झालं की हा उठायचा, कानावर हात ठेवायचा आणि पुढचे दोन तास गायचा. एकदा जतची एसटी खोळंबली. कंडक्टरच म्हणाला, "देव पाण्यात सोडून डबल बेल कशी मारू?" ढालगावच्या एका लग्नात कर्ण्यावर कॅसेट लागली, तर हा मांडवात. अक्षता मुठीत, नवरानवरी उभी, देव पाण्यात. नवरीचा बाप ओरडला, "मुहूर्त टळला की रं गड्या!"

"मुहूर्त उद्या बी घावंल. देवाला गारठा बाधंल."

घरी हरणाबाई कावलेली. "देवाला पाण्यातनं काढताय, अन् माझी मेंढरं तान्हेली बसल्यात!"

शेवटी बिराप्पा सांगलीला गेला, पुढचा भाग काढा म्हणून. दिग्विजय म्हणाला, "मामा, पुढचा भाग कोण घेतंय? पण हीच बघा, पार कोयनानगरपर्यंत खपली."

बिराप्पा पांढराफटक पडला. "आरं, तितं तर खरंच पाणी हाय!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाला. हरणाबाईनं मला सोबत धाडलं, नाहीतर म्हणे धरणातच उतरतील. घाटात मला गाडी लागली म्हणून खिडकी उघडी ठेवली, आणि तिच्या वाऱ्यानं बिराप्पाचा घसा बसला.

स्टँडासमोर शालूबाई म्हणून एका बाईचं हॉटेल. आत कॅसेट चालूच होती. छातीला पाणी लागलं. टक्! बिराप्पानं कानावर हात ठेवला, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. नाहीच. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या.

तेवढ्यात भजी तळता तळता शालूबाईच गाऊ लागली. चाल बिराप्पाची, शब्द तिचे. भोंगा वाजवत लाँच आली, बिरोबानं मेंढरं ओळीनं बसवली, लाँचवाल्यानं तिकीट मागितलं, देवानं लोकर कापून दिली आणि पल्याड उतरला.

बिराप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाई, ह्ये कुनी शिकीवलं?"

"कोन शिकीवनार? रोज टक् हुतंय, अन् देव पाण्यात. आमी धरणाची मानसं. आमचं अख्खं गाव पाण्यात गेलंय. देवाला बी तितंच ठेवू व्हय?"

मी घाबरले. बापाच्या ओवीत लाँच घातलेली, आता हा माणूस भांडणार. बिराप्पानं बाकडं पुढं ओढलं. मग म्हणाला, "मेंढरांचं तिकीट पुरं का अर्धं?"

"कोकराला माफ हाय."

"मग बराबर हाय," म्हणाला, आणि दोन प्लेट भजी मागवली.

त्यानंतर तो कुठल्याही कॅसेटमागं धावला नाही. गातो मात्र अजून, आणि आता आमच्या कोरड्या ठाक अग्रणीतही भोंगा वाजवत लाँच येते. वाडीतली म्हातारी माणसं कुरकुरतात, "वाळूत लाँच कशी चालंल रं?"

बिराप्पा म्हणतो, "देवाला इच्यारा. त्यो बसून आलाय."