चिंच एक, लढाया अनेक

सोनाळ्याच्या रस्त्यावर चिंचेखाली गाद्या भरणारे रहमानचाचा गिऱ्हाइकाला आधी गाव विचारत आणि मग लढाई ठरवत. कहाणी तीच. जखमी शिपाई चिंचेच्या ढोलीत लपला, शत्रूने आत भाला खुपसला, तो चिंचेने स्वतःच्या अंगावर घेतला. भाल्याला लाल चीक लागलेला पाहून, शिपाई मेला समजून शत्रू परतला. पण गिऱ्हाईक नागपूरचं असलं की शिपाई भोसल्यांचा, जालन्याचं असलं की निजामाचा, आणि सुट्टीवर आलेला फौजी असला की थेट एकाहत्तरचा!

"चाचा, एकाहत्तरची लढाई सोनाळ्यात कधी झाली?" मी चिडून विचारायचो.

"मास्तर, तुमी खरा इतिहास शिकवला, तं पोट्टे वर्गात झोपतेत. माह्या चिचेखाली कोनी झोपलं काय अजून?"

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबायचं.

मग रस्ता रुंद व्हायचा ठरला आणि चिंच मधे आली. ऐतिहासिक ठरली तर वाचेल, असं कळताच ती वाचवायची जबाबदारी माझ्याकडे आली. म्हणजे मीच ओढून घेतली. रस्ते खात्याचे साहेब चिंच पाहायला येणार होते. मी चाचांकडून भोसल्यांची लढाई पाढ्यासारखी घोकून घेतली.

"एकच लढाई, चाचा. आणि गाव विचारायचं नाही."

"हाव. मी काऊन विचारू?"

साहेब आले. चाचांनी खरंच गाव विचारलं नाही. भोसल्यांचा शिपाई त्यांनी असा ढोलीत लपवला की साहेबांनी वाकून आत पाहिलं. तेवढ्यात ड्रायव्हर माझ्या कानात म्हणाला, "साहेब जालन्याचे हायेत." झालं! माझी जीभ सुटली, "तो निजामाचा होता असंही म्हणतात, साहेब!"

साहेब हसले. "आधी तुमचं ठरवा," म्हणाले आणि गाडीत बसले.

चिंच पडली. चाचांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. ते त्याच जागी ताडपत्री बांधून बसू लागले. एकदा मी तिथे पोचलो, तर गिऱ्हाइकाला सांगणं चाललेलं, "इथं चिच होती. मशीन आली तं हा मास्तर झाडाच्या बुंध्याले मिठी मारून बसला. पोलिसाइनं ओढला तवा सुटला!"

चिंच पडली त्या दिवशी खरं तर मी घरात कडी लावून बसलो होतो.

गिऱ्हाइकाने माझ्याकडे आदराने पाहिलं. "खरं काय हो, मास्तर?"

चाचांचं कापूस पिंजणं थांबलं.

मी घसा साफ केला. "तुमचं गाव कोणतं?"