नटसाहेब गप्प राहिले तेव्हा

१९८६ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि अमेरिकेत सनीव्हेलला मुलाच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. शाळा चौथीपर्यंत. पण गोदीत सुतारकाम करताना खलाशांकडून इंग्रजी उचललं होतं, माझं कुठे अडत नसे.

खालच्या मजल्यावर एक फिलिपिनो गृहस्थ आपल्या लेकीकडे राहायचे. मनिलात चाळीस वर्षं नाटक-सिनेमात कामं केलेले. मी त्यांना नटसाहेब म्हणायचो, ते मला ब्रदर. तिथल्या फिलिपिनो मंडळींनी जवळच्या हॉलमध्ये शनिवारी-रविवारी नाटकाचे दोन प्रयोग ठरवले आणि म्हाताऱ्या बापाचं मुख्य काम त्यांना दिलं. लेकीला ते पटलं नव्हतं. "बाबा हल्ली विसरतात. शनिवारी अडखळले तर रविवारी दुसरा उभा राहील," असं तिनं बजावलं.

मला एकच कुतूहल, एवढं पाठ होतं कसं? रोज दुपारी अंगणातल्या बाकावर ते बोलायचे, मी ऐकायचो. वाचनाची सवय नसली की कान तयार होतात; गावच्या भजनात मी शेकडो अभंग नुसते ऐकून पाठ केलेत. दोन महिन्यांत त्यांची अख्खी भूमिका माझ्या तोंडात बसली. नाटक त्यांच्या टागालोग भाषेतलं, त्यामुळे अर्थ म्हणाल तर एका शब्दाचाही कळत नव्हता.

शनिवारी त्यांनी मला विंगेत स्टुलावर बसवलं. "विसरलो तर सांग."

तिसऱ्या प्रवेशात मुलाचं पत्र हातात घेऊन ते गप्प उभे राहिले. गप्प म्हणजे गप्पच. आमच्या भजनात म्हणणारा थांबला की टाळकऱ्यानं ओळ उचलायची, ही रीत. मी उचलली. खणखणीत! पुढच्या रांगा विंगेकडे बघायला लागल्या, कुणीतरी फिसकन हसलं.

पडदा पडल्यावर नटसाहेब लालबुंद. "मी विसरलो नव्हतो! मी रडत होतो!"

"रडलात कुठे? डोळ्यांत पाणी नाही, तोंडात आवाज नाही."

"रडू दाबायचं, तेच तर काम होतं, गाढवा!"

"गाढव तर गाढव. आधी सांगायचं होतं."

तेवढ्यात लेक आली. "बाबा, पुरे. उद्या दुसऱ्याला सांगते." नटसाहेब मटकन खुर्चीत बसले. मी म्हटलं, "पोरी, चूक माझी आहे." तिला ते खरं वाटलं नाही. "अंकल, तुम्ही त्यांना सांभाळून घेताय."

माफी मागणं मला आयुष्यात जमलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खाली गेलो, लेकीच्या हातात नाटकाची वही दिली आणि नटसाहेबांना म्हटलं, "पहिल्यापासून बोला." ती बोट ठेवून वाचत गेली. पत्राची जागा आली, नटसाहेब थांबले. मी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. आवंढा वर आला, अडकला, खाली गेला. मी जीभ दाताखाली धरून बसलो. मग ते पुढे बोलले, आणि शेवटपर्यंत एक शब्द चुकला नाही. लेकीनं वही मिटली, त्यांचा नाटकातला कोट खुंटीवरून काढला आणि इस्त्री तापत ठेवली.