विचारून पुढे जाणारा

सन २०२३. मी एकाहत्तरचा होतो, तो एकोणीसचा. दिवसभर इतवारीच्या बाजारात धान्याची पोती उचलायचा आणि पहाटे मैदानावर पळायचा. मी तिथेच फिरायला जायचो. मला ओलांडण्याआधी तो रोज मागून विचारायचा, "आबाजी, पुढं जाऊ काय?"

"नाही," मी म्हणायचो. माझी शाळा चारच वर्षांची, पण आयुष्यात कोणाला मी पुढे जाऊ दिलेलं नाही.

मग तो माझ्या चालीने माझ्या मागे पळत राहायचा.

"काहून ऐकतं गा माह्यं?" एकदा मीच चिडलो.

"मारोतीनंबी समुद्र लांघायच्या आधी मोठ्यायले नमस्कार केला होता जी."

राज्याच्या वीस वर्षांखालच्या संघात जायची त्याची ती शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. निवडीच्या शर्यतीला मी मुद्दाम गेलो. शेवटच्या फेरीत त्याच्यापुढे तिघे होते, तिघेही त्याच्याहून काही महिन्यांनी मोठे. ते त्याने शर्यतीआधीच विचारून ठेवलं होतं! गाढवाने पळता पळता प्रत्येकाला विचारलं, "दादा, पुढं जाऊ काय?"

पहिल्याला हसू फुटलं आणि त्याचा दम गेला. दुसऱ्याने लांबलचक शिवी दिली, त्यात तोही मागे पडला. तिसरा धापा टाकत म्हणाला, "जाय ना बाप्पा!"

त्याला हात जोडून हा पहिला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पावलं माझ्या मागे वाजली. वाट मी सोडली नाही. पण त्याचा वेग मोडू नये म्हणून धोतर वर खोचलं आणि पळत सुटलो.