घोटीच्या अम्मांचा फोटो आणि परातीचा फ्लॅश

“वहिनी, पावडरच घ्या. बल्ब म्हणजे श्रीमंतांचे चोचले,” नाना म्हणाले.

नाना माझ्या यजमानांचे मित्र. नाशकात मेनरोडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता, छताला काच असलेला. पुरुषमंडळी तिथे ऐटीत बसून फोटो काढून घेत. बायका मात्र परक्या पुरुषासमोर बसायला तयार नसत. म्हणून नानांनी मागची खोली मला दिली. कॅमेरा मला यजमानांनी शिकवला होता. ते शाळेत ड्रॉइंग मास्तर. खोलीत एकच अडचण होती. काच तर सोडाच, खिडकीसुद्धा नव्हती. त्यामुळे मला उजेड विकत घेणं भाग होतं, आणि माझ्या ऐपतीत एकच काहीतरी बसणार होतं.

त्या काळी मुख्यतः तीन गोष्टी मिळत. पहिली पावडर. पत्र्याच्या तबकात चिमूटभर पूड घालायची, ठिणगी पाडायची, की भपकन जाळ होतो. सगळ्यात स्वस्त. पण नंतर खोलीत इतका धूर होतो की गिऱ्हाईक शोधावं लागतं. दुसरे विजेचे मोठे दिवे. चांगले, पण नुसते घेऊन भागत नाही, वीजही लागते. तिसरा फ्लॅशचा बल्ब. आत चांदीच्या वर्खासारखा चुरगळलेला कागद, टॉर्चच्या बॅटरीवर चालणारा. बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लख्ख उजेड, आणि बल्ब खलास.

“एकदाच पेटतो?” नाना म्हणाले. “मग तो बल्ब कसला? ती आगकाडी झाली!”

नानांना डावी भुवई नव्हती. पावडरीबद्दल त्यांचं मत ऐकताना मी तिकडेच बघत असे. भुवया आमच्या घराण्यातच विरळ, असं ते सांगत. त्यांच्या थोरल्या भावाच्या भुवया मिशांइतक्या दाट होत्या.

तेवढ्यात घोटीहून इब्राहीमशेठ आले. त्यांचा भाताचा व्यापार. त्यांचा धाकटा भाऊ याकूब आफ्रिकेत, मोंबासाला नोकरीला होता. तो सारखा लिहायचा, आईचा फोटो पाठवा. आई पडद्यातल्या, म्हणून बाई फोटोग्राफर हवी.

“उजेडाचं काय?” मी विचारलं. “दारात बसवता येईल का त्यांना? थोडा वेळ हलायचं नाही, एवढंच.”

“तेच तर होत नाय, बाई,” शेठ म्हणाले. “अम्माची मान हालते. वारा आल्यावानी. थांबतच नाय.”

माझा प्रश्न तिथेच सुटला. दाराच्या उजेडात फोटो घ्यायचा तर लेन्स जरा वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात मान हलली की चेहऱ्याची लापशी. घोटीला वीज नाही, म्हणजे दिवे बाद. उरली पावडर, तर शेठचं घर भाताच्या गोदामाला लागून. सगळीकडे पेंढा आणि तूस. तिथे पावडर उडवायची तर आधी सगळ्यांना गावाबाहेर काढायला हवं.

मी बल्ब घ्यायचं ठरवलं. मुंबईच्या दुकानात पूर्ण सेट होता, उजेड पुढे फेकणाऱ्या चकचकीत तबकडीसकट. तो परवडेना. मग नुसती बॅटरीची मूठ आणि दोन बल्ब मागवले. तबकडीसाठी घरातली लहान परात कल्हई करून आणली आणि तांबटाकडून तिला मधोमध भोक पाडून घेतलं.

“अहो, परातीला भोक पाडायचंय की बुजवायचंय?” त्याने दोनदा विचारलं.

सासूबाईंना ती परात पुढे कधीच सापडली नाही.

मी एकटीने परगावी कसं जायचं, म्हणून नाना सोबत आले. गाडीत त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती.

“त्यात काय आहे?”

“काही नाही. पावडर. तुमचं ते खेळणं चाललं नाही तर असावी.”

“नाना, तिथे पेंढा आहे.”

“मला कळतं हो,” नाना म्हणाले.

नाना अंगणात पुरुषांत बसले, मी आत गेले. अम्मा खिडकीजवळच्या बाजेवर होत्या. खिडकीला जाळीचा पडदा. त्यांना अंगण दिसे, अंगणाला त्या दिसत नसत. मान खरंच अखंड हलत होती. तोंडही थांबत नव्हतं.

“ये पोरी. ही परात कशाला? भाकरी थापायची का?”

“उजेडासाठी, अम्मा.”

“एवढा थाट? नवरी करून धाडणार का मला मोंबासाला?”

इब्राहीमशेठ माझ्या बाजूला उभे राहून दिग्दर्शन करू लागले. “अम्मा, गंभीर बस. याकूबला वाटलं पायजे, आपली आई खानदानी हाय.”

मी स्टँड लावला, काळ्या कापडात डोकं घालून नजर जमवली, फोटो उमटणारी काचेची प्लेट आत सरकवली. “इकडे बघा, अम्मा,” म्हटलं आणि बटण दाबलं. लख्ख उजेड पडला आणि “या अल्ला!” म्हणून अम्मांनी ओढणी तोंडावर घेतली. प्लेटवर फोटो आला असणार तो ओढणीचा.

आता एकच बल्ब उरला. हा गेला तर या बाई पुन्हा बसणार नाहीत, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. मी नवी प्लेट घातली, बल्ब बदलला. अम्मा आता परातीकडे सापाकडे बघावं तशा बघत होत्या. चेहरा आवळलेला. शेठ खूश. “हां, असंच! असंच गंभीर!”

आणि अंगणात धडाम् झालं.

झालं होतं असं. अंगणातल्या व्यापाऱ्यांनी विचारलं, बाईंचं ते परातीचं काय आहे? त्यावर नानांनी खरा फ्लॅश कसा असतो हे दाखवायला घेतलं. चिमटीऐवजी मूठ पडली असावी. जाळ, धूर, आणि त्या धुरातून भाताच्या गाडीचे बैल पोती सांडत वेशीकडे पळाले. मागे गाडीवान. वजन करणारा माणूस तराजू टाकून तुसाच्या ढिगात शिरला, फक्त पाय बाहेर. पेंढ्याची एक पेंढी पेटली. नाना ती आपल्या टोपीने विझवत होते. इब्राहीमशेठ खानदान विसरून खिडकीकडे धावले, जाजमात पाय अडकला आणि उशांवर तोंडावर पडले.

अम्मांनी खिडकीतून अंगण पाहिलं. मग उशांतला मुलगा पाहिला. आणि त्या हसल्या. पोट धरून, डोळे मिचमिचे करून, उरलेल्या दोन दातांसकट.

मी एका हाताने लेन्सचं झाकण काढलं, दुसऱ्या हाताने बटण दाबलं, झाकण परत लावलं. बाहेर कुणीतरी पाण्याची बादली पेंढीवर ओतली. थोडी नानांवरही.

आठवड्याने शेठ नाशकात आले. फोटो बघून त्यांचा चेहरा उतरला. सुरकुती न् सुरकुती स्वच्छ आली होती. मान अशी स्थिर, की जन्मात कधी हलली नसेल.

“हा मोंबासाला धाडू? याकूब म्हणंल, अम्मा येडी झाली.”

“अम्मांना दाखवा. त्या म्हणतील तसं करू.”

निरोप दुसऱ्याच दिवशी आला. तो शेठनी स्वतःच येऊन सांगितला, जरा पडेल आवाजात. अम्मा म्हणाल्या होत्या, हाच धाड. पोरगा गेला तवा मी हसतच होते. मान हालती ते त्याला परदेशात कशाला कळायला पायजे? रात्री झोपायचा नाय.

फोटो गेला. पुढे याकूब सुट्टीवर आला आणि आईची मान पाहून भावावर भडकला. “फोटोत तर बरी होती! काय केलंत हिला?” शेठनी त्याला थेट माझ्याकडे आणलं. मी त्याला समजावून सांगितलं, की बल्बचा उजेड इतका क्षणाचा असतो की त्यात हलणारंही थांबलेलं दिसतं. मग तो म्हणाला, “अम्माला म्हाईत होतं हे?” मी हो म्हटलं.

हल्ली नवे फोटोग्राफर विचारायला येतात, सुरुवातीला स्वस्तात कोणता लाइट घ्यावा. मी सांगते, दुकानात जाण्याआधी ज्याचा फोटो काढायचा त्याला भेटून या. तो किती हलतो, घरात वीज आहे का, शेजारी काय रचून ठेवलंय, ते बघा. मग परवडेल ते घ्या, आणि बल्ब घेतलात तर लागतील त्यापेक्षा एक जास्त घ्या. पहिल्या बल्बाला माणूस तोंड झाकतोच.